पोस्टरवरची मराठी अक्षरे छापताना तुटतात तेव्हा: विद्यार्थी-प्रदर्शनाच्या साहित्याची क्रमवार तपासणी

वार्षिक प्रदर्शनाचे पोस्टर संगणकाच्या पडद्यावर निर्दोष दिसते. ते छापखान्यातून परत येते तेव्हा मात्र ‘विद्यार्थी’ या शब्दातली पहिली वेलांटी ‘व’वरून उठून ‘द’वर जाऊन बसलेली असते, ‘द्य’ फुटून पायमोडका ‘द्’ आणि सुटा ‘य’ असे दोन तुकडे झालेले असतात, आणि ‘थी’च्या डोक्यावरचा रफार खाली उतरून ओळीत पायमोडका ‘र्’ होऊन उभा असतो. दुसरी वेलांटी तेवढी शहाण्यासारखी आपल्या जागेवर असते. कलामहाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची प्रदर्शने जवळ आली की हे दृश्य मला दरवर्षी किमान तीन-चार वेळा दाखवले जाते, आणि दर वेळी सोबतचे वाक्य एकच असते, ते म्हणजे ‘आमच्याकडे बरोबर दिसत होते.’ ते वाक्य खरेच असते. बिघाड कुठल्या टप्प्यावर झाला एवढेच शोधायचे असते.

तपासणीला लागण्याआधी लक्षण नेमके कोणते आहे हे ओळखावे, कारण ‘अक्षरे तुटली’ या एकाच तक्रारीखाली निरनिराळे आजार येतात. वर सांगितल्याप्रमाणे वेलांट्या सरकल्या असतील आणि जोडाक्षरे फुटली असतील, तर मजकूर शाबूत आहे, पण तो मांडणाऱ्या सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नाही. मराठीच्या जागी रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांची खिचडी दिसत असेल, तर मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे आणि तो फॉन्ट त्या संगणकावर नाही. नुसते चौकोन दिसत असतील, तर बदली आलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत. प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल, तर मजकूर पुसला गेला आहे, आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे. ‘ॲप्लाइड आर्ट’मधल्या ‘अ’शेजारी तुटक ठिपक्यांचे वर्तुळ दिसत असेल, तर टंकलेखनात चुकीची जोडी वापरली गेली आहे. अक्षरे सगळी बरोबर आहेत, पण शिरोरेषेला दर अक्षरानंतर बारीक फट आहे, तर ते कुणीतरी हाताने केलेले काम आहे. आणि शिरोरेषेवर अक्षरे जुळतात तिथे पांढरे कण दिसत असतील किंवा कापून आलेल्या व्हिनाइलची (पातळ चिकट प्लास्टिकची) अक्षरे सुटी होत असतील, तर दोष कर्व्ह केल्यानंतरचा, म्हणजे टंकलेल्या अक्षरांचे रेषांच्या आकृतीत रूपांतर केल्यानंतरचा आहे.

रंग पडद्यापेक्षा मळके येणे, चित्रे धूसर छापली जाणे हेही नेहमीचे त्रास आहेत, पण त्यांचा मार्ग वेगळा आहे आणि इथे फक्त अक्षरांचा विचार केला आहे. पुढील तपासण्या फुकट आणि सोप्या असलेल्यांपासून सुरू होतात. क्रम सोडू नये, कारण शेवटच्या तपासणीने सापडणारा दोष बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन तपासण्यांतच हाती लागलेला असतो.

पहिली तपासणी: मजकूर फोनवर चिकटवून पाहा

मांडणीच्या फाइलमधून शीर्षकाची ओळ उचलावी आणि स्वतःच्याच फोनवर निरोप म्हणून पाठवावी. याला एक मिनिट लागते, खर्च काही नाही, आणि आजार कोणत्या बाजूचा आहे हे लगेच कळते. फोनवर ओळ नीट मराठीत दिसली, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत आहे, आणि दोष फॉन्ट, सॉफ्टवेअर किंवा फाइल पाठवण्याची पद्धत यांपैकी कशात तरी आहे. फोनवर रोमन खिचडी दिसली, तर मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे, आणि पुढच्या काही तपासण्या सोडून थेट जुन्या फॉन्टच्या परिच्छेदाकडे जावे.

याचे कारण समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. युनिकोडमध्ये ‘वि’ हे अक्षर उच्चाराच्या क्रमाने साठवले जाते. आधी ‘व’ येतो आणि मग पहिली वेलांटी. वेलांटी उचलून ‘व’च्या आधी मांडणे, ‘र्’चा रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणे, ‘द्’ आणि ‘य’ यांचे ‘द्य’ करणे ही कामे पडद्यावर दाखवताना सॉफ्टवेअर फॉन्टमधील नियम वाचून करते. ज्या सॉफ्टवेअरला हे येत नाही ते साठवलेल्या क्रमाने अक्षरे ओळीत ठेवून मोकळे होते. म्हणून पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर गेल्यासारखी दिसते, आणि म्हणूनच मुळातच अक्षरानंतर येणारी दुसरी वेलांटी कधी हलत नाही. जुन्या फॉन्टमध्ये हा सगळा कारभार नसतो. तिथे रोमन चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे चितारलेले असतात आणि टंकणारा माणूस ते दिसतील त्या क्रमाने शेजारी शेजारी ठेवतो.

दुसरी तपासणी: छापलेला मजकूर तुमचाच आहे का?

ही तपासणी हास्यास्पद वाटेल, पण ‘फॉन्टने घोळ केला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या पोस्टरांपैकी बऱ्याच पोस्टरांवरचा मजकूर विद्यार्थ्यांनी पाठवलेला नव्हताच. फाइल उघडल्यावर अक्षरे फुटलेली दिसली की छापखान्यातील डीटीपी ऑपरेटर फोन करत बसत नाही, तो आपल्या सवयीच्या फॉन्टमध्ये तीच ओळ पुन्हा टंकतो. त्याच्या बाजूने हे बरोबर आहे, कारण त्याच्या यंत्रावर जुना फॉन्ट कधीच तुटत नाही आणि बाहेर दहा गिऱ्हाइके उभी असतात. पण या फेरटंकनात ‘उद्घाटन’चे ‘उद्धाटन’ होते, ‘विद्यार्थी’चे ‘विध्यार्थी’ होते आणि प्रमुख पाहुण्यांच्या आडनावातील ‘ळ’चा ‘ल’ होतो. त्यातला ‘उद्धाटन’ हा दोष फार लबाड आहे. अनेक फॉन्टमध्ये ‘द्घ’ आणि ‘द्ध’ यांची रूपे इतकी जवळची असतात की पोस्टर हातात घेऊन वाचले तरी चूक दिसत नाही, आणि मग निमंत्रणपत्रिका वाटून झाल्यावर एखादे सेवानिवृत्त शिक्षक ती दाखवून देतात.

म्हणून मजकुराची एकच मूळ प्रत ठेवावी, ती साध्या मजकूर-फाइलमध्ये असावी, ती दोन माणसांनी मोठ्याने वाचलेली असावी, आणि छापून आलेला प्रत्येक नमुना मांडणीच्या फाइलशी न ताडता त्या प्रतीशी ताडावा. अक्षरांच्या ओळखीऐवजी शब्द ओळखून वाचणारा डोळा अशा चुका हमखास सोडतो, त्यामुळे शीर्षक, नावे आणि तारखा शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे वाचण्याची सवय मी विद्यार्थ्यांना लावतो.

तिसरी तपासणी: ट्रॅकिंग (अक्षरांमधील अंतर) शून्यावर आणा

शिरोरेषेत फटी असतील तर दुसरीकडे कुठेही जाऊ नये. इंग्रजी शीर्षकांत अक्षरे विरळ करून भारदस्तपणा आणायची पद्धत आहे आणि तीच पट्टी विद्यार्थी मराठीला लावतात. पण देवनागरीत अक्षरे शिरोरेषेने एकमेकांना धरून असतात, आणि ट्रॅकिंग वाढवले की सगळ्यात आधी ती पकड सुटते. पडद्यावर लहान आकारात फट दिसत नाही, ती दहा फुटी फ्लेक्सवर दिसते. दोन्ही कडा जुळवलेल्या परिच्छेदांत सॉफ्टवेअर स्वतःहून अक्षरांमधील जागा ताणते, तेव्हा जस्टिफिकेशनच्या मांडणीत अक्षरांमधील अंतराचे तिन्ही आकडे शून्य करावेत आणि शब्दांमधील अंतरच कमीजास्त होऊ द्यावे. शीर्षक खरोखर विरळ हवे असेल, तर शिरोरेषा नसलेली अक्षरे हाताने रेखाटावीत. ते काम सुलेखनाचे आहे, सेटिंगचे नाही.

याच जागी लीडिंग, म्हणजे दोन ओळींमधील अंतरही पाहून घ्यावे. सॉफ्टवेअरचे आपोआप येणारे अंतर बहुतेक वेळा अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के असते. ते रोमन लिपीला पुरते. मराठीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार किंवा अनुस्वार एकमेकांत घुसतात. मी १४० टक्क्यांपासून सुरुवात करतो आणि फॉन्ट पाहून खाली-वर जातो.

चौथी तपासणी: फॉन्ट बदलून पाहा

इथेही खर्च नाही. तीच ओळ ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ या मोफत मिळणाऱ्या आणि नीट बांधलेल्या फॉन्टमध्ये टाकून पाहावी. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ही चालेल. तो अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला आहे. पोस्टरच्या शीर्षकात त्याने उभे राहावे अशी अपेक्षा नाही, पण तपासणीसाठी तो भरवशाचा आहे. फॉन्ट बदलताच अक्षरे जुळली तर दोष आधीच्या फॉन्टचा. कुठून तरी उतरवून घेतलेल्या सजावटी फॉन्टमध्ये पुष्कळदा नेहमीची जोडाक्षरे असतात, पण ‘ष्ट्र’, ‘द्घ’, ‘हृ’ किंवा ‘ऱ्य’ नसते, आणि ते नाही हे छपाईच्या आदल्या रात्री कळते.

ते आधी कळावे म्हणून मी एक वाक्य बनवून ठेवले आहे आणि प्रदर्शनाची दृश्य ओळख ठरवताना कोणताही फॉन्ट निवडण्याआधी त्यातून तो पास करून घेतो: ‘तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी ॲनिमेशन आणि शिल्पकलेच्या राष्ट्रीय प्रदर्शनाच्या उद्घाटनासाठी ज्येष्ठ व सहृदय तज्ज्ञांना ऑगस्टमध्येच वेळेवर निमंत्रण दिले.’ वाक्य काही सुंदर नाही, पण प्रदर्शनाच्या साहित्यात येणारी बहुतेक अडचणीची अक्षरे त्यात आहेत. त्यातल्या ‘तिसऱ्या’कडे विशेष लक्ष द्यावे. ‘ऱ्य’ची निम्मी वळवलेली रेघ नसेल तर वाचायला ‘तिसर्या’ असे येते, आणि मराठी पोस्टरवर ते फार केविलवाणे दिसते. फॉन्ट चांगला असूनही असे होत असेल, तर ‘ऱ’ हे नुक्त्याचे (खाली ठिपका असलेले) अक्षर, पायमोड आणि ‘य’ अशा क्रमाने तो शब्द पुन्हा टंकावा. ठिपक्यांच्या वर्तुळाचे कारणही टंकनातच असते. ‘अ’ टंकून त्यावर स्वतंत्र चंद्र चढवलेला असतो आणि ती जोडी काही ठिकाणी मान्य होत नाही. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये आहे, तेच वापरावे. प्रदर्शनाच्या फ्लेक्सवर ‘ॲप्लाइड आर्ट’ हे विभागाचे नावच असते, म्हणजे वर्तुळ छापले गेले तर ते सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापले जाते.

फॉन्ट ‘बोल्ड’ करायचा असेल तर त्याचे खरे जाड वजन वापरावे. सॉफ्टवेअरने कृत्रिमरीत्या फुगवलेली अक्षरे ‘क्ष’ आणि ‘ह्य’मध्ये भरून जातात. ‘मुक्त’मध्ये सात वजने आहेत, त्यामुळे फुगवण्याची गरज सहसा पडत नाही.

‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात ही तक्रार तुटण्याची नसली तरी मराठी प्रदर्शनात ती महत्त्वाची आहे. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठीची वळणे आहेत, आणि राज्य शासनाच्या २०२२च्या नोव्हेंबरमधील निर्णयातही तीच धरली आहेत. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात. मजकूर निवडून त्याची भाषा ‘मराठी’ केली की ती आपोआप बदलतात. न बदलल्यास अक्षरांच्या तक्त्यातून हाताने घ्यावी लागतात. पोस्टरवर एक ‘ल’ आणि निमंत्रणपत्रिकेवर दुसरा असे झाले की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण दोन्ही कागद एकाच घरचे वाटत नाहीत.

पाचवी तपासणी: सॉफ्टवेअरला देवनागरी येते का?

फॉन्ट बदलूनही वेलांट्या जागेवर आल्या नाहीत, तर सॉफ्टवेअरची मांडणी-पद्धत पाहावी. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (अक्षरे जुळवून ओळी मांडणारा भाग) निवडावा लागतो. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’ भागात भारतीय भाषांचे पर्याय दाखवण्याची खूण आधी करावी लागते आणि मग परिच्छेदाच्या मेनूत दक्षिण आशियाई कंपोझर दिसू लागतो. फोटोशॉपच्या बऱ्याच आवृत्त्यांत हीच निवड प्रेफरन्सेसमध्ये ‘टाइप’खाली असते. कोरल ड्रॉला ही समज ‘एक्स सिक्स’ आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या आवृत्त्या अजून कितीतरी छापखान्यांत ठाण मांडून आहेत आणि त्यांत युनिकोड मराठी फुटणारच. त्याला इलाज नाही.

इथे एक चकवा आहे. सेटिंग बदलले तरी आधी लिहिलेला मजकूर तसाच फुटका राहतो आणि ‘करून पाहिले, काही झाले नाही’ म्हणून विद्यार्थी मागे फिरतात. जुन्या मजकुराला जुना कंपोझर चिकटलेला असतो. तो मजकूर निवडून त्याला नवा कंपोझर द्यावा, किंवा कोऱ्या फाइलमध्ये ओळ पुन्हा चिकटवावी. तुकडे हाताने सरकवून शब्द ‘दुरुस्त’ करण्याचा मोह अजिबात धरू नये. तसा दुरुस्त केलेला मजकूर नीट सॉफ्टवेअरमध्ये उघडला की नव्याने फुटतो, आणि तेव्हा तो कुणालाच उलगडत नाही.

जुन्या फॉन्टमधला मजकूर

श्रीलिपी आणि सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेचे फॉन्ट ही दोन्ही घराणी पुण्याचीच, आणि महाराष्ट्रातील छपाई अनेक वर्षे त्यांच्या खांद्यावर चालली, तेव्हा त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. प्रश्न उभा राहतो तो प्राचार्यांचे मनोगत कार्यालयातून जुन्या फॉन्टमध्ये येते आणि विद्यार्थ्यांचे लेख फोनवर युनिकोडमध्ये लिहून येतात तेव्हा. रूपांतर करणारी साधने मोफत मिळतात आणि ती चांगली आहेत, मात्र रूपांतरानंतर रफार, ‘ऱ्य’, ‘ॲ’, ‘ऑ’, अवतरणचिन्हे आणि आकडे एवढ्या जागा डोळ्यांखालून घालाव्याच लागतात. दोन पानांचे मनोगत असेल तर रूपांतराच्या फंदात न पडता पुन्हा टंकून घेतलेले बरे.

नावांच्या चिठ्ठ्या आणि प्रमाणपत्रे

कलाकृतींखाली लावायच्या साठ-सत्तर चिठ्ठ्या किंवा प्रमाणपत्रे एक्सेलच्या यादीवरून एकदम तयार करताना प्रश्नचिन्हांचा रोग होतो. यादी साध्या ‘सीएसव्ही’ प्रकारात जतन केली की मराठी अक्षरे साठवण्याची सोय नसलेल्या पद्धतीने फाइल लिहिली जाते आणि प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. यात फॉन्टचा काही संबंध नसतो. फॉन्ट बदलत बसणे फुकट आहे, कारण त्या फाइलमध्ये नावे उरलेलीच नाहीत. मूळ एक्सेल उघडून यादी ‘युनिकोड टेक्स्ट’ प्रकारात जतन करावी आणि तीच इनडिझाइनला द्यावी. मूळ एक्सेल बंद करताना त्यावरच सीएसव्ही लिहिली गेली असेल, तर यादी पुन्हा गोळा करण्याला पर्याय नाही. एका वर्षी बक्षीस समारंभाच्या सकाळी मला हेच सांगावे लागले होते, आणि प्रमाणपत्रांवर नावे शेवटी एका विद्यार्थिनीने बोरूने लिहिली. ती छापील नावांपेक्षा देखणी दिसली, हा भाग वेगळा.

सहावी तपासणी: पीडीएफ कशी बनली आणि पुढे कुणी उघडली?

तुमच्याकडे सगळे ठीक असेल आणि छापखान्यात तुटत असेल, तर आता फाइलच्या प्रवासाकडे वळावे. अक्रोबॅटमध्ये पीडीएफ उघडून तिच्या गुणधर्मांतील ‘फॉन्ट्स’ या भागात प्रत्येक फॉन्टच्या नावापुढे ‘एम्बेडेड’ (फाइलच्या आत घातलेला) असे लिहिलेले आहे का ते पाहावे. नसेल तर छापखान्याचा संगणक जवळचा वाटेल तो फॉन्ट घालतो आणि चौकोन येतात.

फॉन्ट आत असतील तर पीडीएफ सुरक्षित असते, कारण अक्षरांची जुळणी पीडीएफ बनतानाच होऊन गेलेली असते आणि ती पुन्हा करावी लागत नाही. मात्र हे नुसती छापण्यापुरतेच खरे. ऑपरेटरने ती पीडीएफ कोरलमध्ये आयात केली, तर ‘मजकूर म्हणून घेऊ की कर्व्ह म्हणून’ असा प्रश्न कोरल विचारतो, आणि ‘मजकूर’ निवडला की केलेली सगळी जुळणी मोडीत निघते. हा एका क्लिकचा फरक आहे. म्हणून फाइल पाठवताना ‘आयात करताना कर्व्ह निवडावे’ एवढे वाक्य सोबत लिहावे, किंवा त्याहून उत्तम म्हणजे स्वतःच कर्व्ह करून पाठवावे.

सातवी तपासणी: शीर्षक कर्व्ह करा, आणि मग वेल्डही करा

प्रदर्शनाची ओळख म्हणजे प्रामुख्याने त्याचे शीर्षक असते, आणि ते पोस्टर, पत्रिका, कॅटलॉगचे मुखपृष्ठ, स्टँडी, छातीवरचा बिल्ला आणि प्रवेशद्वारावरची भिंत असे दहा ठिकाणी येते. आमच्याकडे ते दहा वेळा टंकले जाते, दहा माणसांकडून, दहा संगणकांवर. हा त्रास दरवर्षी परत येतो तो याच कारणाने. शीर्षक एकदाच टंकावे, तपासावे, कर्व्ह करावे आणि त्यानंतर ते शब्द न राहता चित्र आहे असे समजून सगळीकडे तीच एक फाइल वापरावी. कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू, इलस्ट्रेटरमध्ये ‘क्रिएट आउटलाइन्स’. कर्व्ह करण्याआधीची प्रत निराळ्या नावाने ठेवावी, आणि तारीख, वेळ व दालनाचे नाव शीर्षकाच्या चित्रात घेऊ नये, कारण प्रमुख पाहुण्यांच्या सोयीने तारीख बदलतेच.

पण कर्व्ह करून काम संपत नाही. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते, म्हणजे फट राहू नये म्हणून तशी काढलेली असते. कर्व्ह केल्यावर हे तुकडे एकमेकांवर तसेच पडून राहतात. ते नुसते ‘कम्बाइन’ करून एकाच आकृतीत जोडले तर चढलेल्या जागेवर पांढरे चौकोन उमटतात, आणि बाह्यरेषा दिली तर प्रत्येक सांध्यावर उभी रेघ दिसते. व्हिनाइल कापताना तर हे थेट अंगावर येते. एका प्रदर्शनात प्रवेशाच्या भिंतीसाठी तीन फूट रुंद ‘कलाप्रदर्शन’ कापून आणले होते. कापणाऱ्या यंत्राने प्रत्येक सांधा इमानदारीने कापला होता, त्यामुळे नको असलेला भाग सोलून काढताना ‘प्र’च्या मागोमाग शिरोरेषेचे नखाएवढे तुकडे सुटून बोटांना चिकटू लागले. रात्री दोन वाजेपर्यंत चार मुली चिमट्याने ते तुकडे भिंतीवर लावत होत्या, आणि सकाळच्या उजेडात प्रत्येक सांधा दिसत होता.

यावर उपाय म्हणजे कर्व्ह केलेली सगळी अक्षरे निवडून कोरलमध्ये ‘वेल्ड’ किंवा इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधील ‘युनाइट’ करणे, म्हणजे एकमेकांवर चढलेल्या तुकड्यांचा एकच सलग आकार करणे. झाले की नाही हे कोरलच्या वायरफ्रेममध्ये किंवा इलस्ट्रेटरच्या आउटलाइन दृश्यात पाहावे. शिरोरेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी, मध्ये एकही उभी रेघ नसलेली दिसली पाहिजे. ‘भ’ आणि ‘ध’सारख्या अक्षरांची पोकळी वेल्ड करताना बुजली नाही ना, तेही त्याच वेळी पाहावे.

आठवी तपासणी: एक नमुना प्रत्यक्ष छापून घ्या

आता पैसे लागतात, पण थोडे. पोस्टरचा ए-फोर आकाराचा तुकडा खऱ्या मापात, म्हणजे लहान न करता, छापून घ्यावा. शीर्षकाचा एक भाग आणि सर्वांत बारीक मजकूर त्यात असावा. हा नमुना ज्या संगणकावरून अंतिम छपाई होणार आहे त्याच संगणकावरून काढून घ्यावा. महाविद्यालयाच्या प्रिंटरवरची प्रत छापखान्याबद्दल काहीही सांगत नाही.

फ्लेक्सवाले बहुधा पीडीएफऐवजी चित्रच मागतात. चित्रात अक्षरे तुटत नाहीत, ती धूसर होतात. दहा फूट बाय चार फुटांचा फ्लेक्स इंचाला शंभर पिक्सेलने केला तर चित्र १२,००० बाय ४,८०० पिक्सेलचे होते, आणि ते व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले की त्याचा जेमतेम अंश पलीकडे पोचतो. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे किंवा पेनड्राइव्हवर न्यावे. जाता जाता एक गोष्ट सांगतो. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक आणि पीव्हीसी बॅनरांवर १ जुलै २०२२पासून देशभर बंदी आहे, तेव्हा स्वस्त दर ऐकून होकार देण्याआधी जाडी विचारून घ्यावी. चार दिवसांच्या प्रदर्शनाला कापडी फलक छान दिसतो आणि पुढच्या वर्षी वापरताही येतो.

कधी थांबावे आणि कुणाला बोलवावे?

फॉन्टमध्ये एखादे जोडाक्षर मुळातच नसेल तर थांबावे. फॉन्ट उघडून त्यात अक्षर घालण्याचे प्रयोग प्रदर्शनाच्या आठवड्यात करू नयेत. परवान्याचाही प्रश्न असतो, आणि हे काम अक्षररचनाकाराचे आहे. एका शीर्षकापुरती गरज असेल तर सुलेखन करणाऱ्या माणसाकडून ते लिहून घ्यावे. कलामहाविद्यालयात असा माणूस शोधायला लांब जावे लागत नाही.

चाळीस-पन्नास पानांचा कॅटलॉग अर्धा जुन्या फॉन्टमध्ये आणि अर्धा युनिकोडमध्ये असेल, तरीही थांबावे आणि मराठी पुस्तके नियमित करणाऱ्या अक्षरजुळणीकाराला द्यावा. ‘ओळखीचा मुलगा कोरल छान करतो’ हा पर्याय पोस्टरपुरता ठीक आहे. कॅटलॉगमध्ये तो मुलगा तिसऱ्या रात्री फोन उचलणे बंद करतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

ऑफसेटच्या प्लेट निघाल्या असतील तर फाइलला हात लावू नये. आधी छापखान्याला फोन करून यंत्र थांबवावे, मग बोलावे. आणि वरच्या आठही तपासण्या करून छपाईला चोवीस तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल, तर आणखी शोधत न बसता प्रीप्रेसचे, म्हणजे छपाईआधी फाइल तयार करण्याचे काम करणाऱ्याकडे जावे. जाताना साध्या मजकूर-फाइलमधली मूळ प्रत, कर्व्ह न केलेली मांडणीची फाइल, वापरलेले फॉन्ट आणि अक्षरे बरोबर दिसत असतानाचे पडद्याचे एक छायाचित्र एवढे घेऊन जावे. हे छायाचित्र विसरू नये, कारण समोरच्याला मराठी वाचता येत असले तरी तुमच्या पाहुण्यांचे आडनाव कसे लिहितात हे त्याला ठाऊक नसते.